वर फेकलेला चेंडू आणि अकरावीची उद्दिष्टे

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी एका कनिष्ठ महाविद्यालयात दोन वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवते. यंदा प्राचार्यांनी प्रत्येक विषयशिक्षकाकडून अकरावीच्या अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवे या उद्दिष्टांची, यादी मागितली आहे. पाठ्यपुस्तकातील चौदा प्रकरणे समोर ठेवून मी ६२ उद्दिष्टे लिहिली आणि त्यांपैकी बहुतेकांचा शेवट ‘विद्यार्थ्याला समजते’ असा झाला. यादी पुरी झाली, पण तिचा उपयोग काय हे मलाच कळेना. त्यातच गेल्या आठवड्यात वर्गातील सर्वांत हुशार मुलाने, ज्याची गतीच्या समीकरणांवरची सगळी गणिते बरोबर आली होती त्याने, सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण शून्य असते, असे ठामपणे सांगितले आणि निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. मुलांचे सगळे लक्ष सीईटीकडे आहे. बरीचशी मुले मराठी माध्यमातून आलेली आहेत. मी उद्दिष्टे नेमकी लिहू कशी? आणि ती मुलांना सांगायची असतात, की फक्त दप्तरी ठेवायची असतात?
— एक शिक्षिका

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट ६२ उद्दिष्टांची यादी नसून त्या मुलाचे चुकलेले उत्तर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. त्या मुलाला गणिते येतात, कारण गणितात कोणते समीकरण घ्यायचे आणि त्यात कोणता आकडा कुठे घालायचा एवढेच ठरवावे लागते. चेंडू क्षणभर थांबला की वेग शून्य होतो हे त्याला दिसते, आणि ‘काहीच घडत नाही’ या जाणिवेपोटी तो त्वरणही शून्य करून टाकतो. वेग ही एक राशी आणि वेगात होणाऱ्या बदलाचा दर, म्हणजे त्वरण, ही दुसरी राशी, हा भेद त्याच्या वहीत आहे, पण विचारात उतरलेला नाही.

त्याला उत्तर न सांगता एक तक्ता भरायला द्या. चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने वर फेकला, तर तो बरोबर दोन सेकंदांनी सर्वोच्च बिंदूवर पोचतो. तिथे पोचण्याच्या एक सेकंद आधी त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटर, वरच्या दिशेने, तिथे शून्य, आणि एक सेकंद नंतर पुन्हा ९.८ मीटर, पण खालच्या दिशेने. या दोन सेकंदांत वेग किती बदलला, असे विचारले की निम्मी मुले ‘शून्य’ म्हणतील, कारण ९.८ आणि ९.८ सारखेच दिसतात. दिशा धरली की बदल १९.६ येतो, दर सेकंदाला ९.८ येतो, आणि मधल्या क्षणाला त्यातून सूट मिळत नाही. मग एवढेच विचारा की त्या क्षणी त्वरण खरोखर शून्य झाले असते आणि तसेच राहिले असते, तर चेंडूचे पुढे काय झाले असते. तो हवेत तिथेच लटकून राहिला असता, हे मुले स्वतःहून म्हणतात. आणि मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत त्यानंतर थोडा वेळ शांतता पसरते.

आता याच प्रसंगातून उद्दिष्ट तयार होते. ‘विद्यार्थ्याला एकरेषीय गती समजते’ याऐवजी असे लिहा : ‘वर फेकलेल्या वस्तूचा वेग-काल आलेख विद्यार्थी न पाहता काढतो, आलेख शून्यातून जातो त्या बिंदूवर त्वरण किती हे सांगतो आणि ते शून्य का नाही याचे कारण स्वतःच्या शब्दांत देतो.’ हे वाक्य लांब झाले याची काळजी करू नका. ते तपासता येते, आणि ते तपासणारा प्रश्न त्याच्या पोटातच आहे. ‘समजते’ या क्रियापदाचा दोष असा की ते मुलाच्या डोक्यात घडते आणि आपल्याला तिथे जाता येत नाही. आपण पाहू शकतो ते मूल काढते, सांगते, मोजते, निवडते आणि नाकारते तेवढेच.

तुम्ही बीएडला पाठ टाचणे काढली असतील, तेव्हा ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशा रकान्यांत उद्दिष्टे आणि त्यांखाली स्पष्टीकरणे लिहायची पद्धत तुमच्या परिचयाची असेल. ही चौकट अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणावरून आपल्याकडे आली. चौकटीत काही वाईट नव्हते. वाईट झाले ते असे की आपण क्रियापदे पाठ केली आणि विषय विसरलो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मीही अशीच एक जाडजूड यादी केली होती. ती सुवाच्य अक्षरात होती, तपासणीच्या वेळी तिचे कौतुकही झाले आणि नंतर ती एकदाही उघडली गेली नाही, अगदी माझ्याकडूनसुद्धा. तुमची ६२ कलमांची यादी तुम्हालाच निरुपयोगी वाटली, ही चांगली खूण आहे.

तुमच्या वर्गात घडले ते तुमच्या शिकवण्याचा दोष आहे असे मात्र मानू नका. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही, सगळे प्रश्न रोजच्या भाषेत आहेत आणि चुकीचे पर्याय मुलांच्या नैसर्गिक गैरसमजांवरून बेतलेले आहेत. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी हेस्टेनीस यांची याच धर्तीची आधीची चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहू, की मी खरोखर विचार करते त्याप्रमाणे. अवघड गणिते सोडवणाऱ्या मुलांचे या साध्या प्रश्नांत अडणे पाहून माझूर यांनी आपली व्याख्यानपद्धतच बदलली. हार्वर्डच्या मुलांच्या डोक्यात जे दोन कप्पे होते, तेच तुमच्या हुशार मुलाच्या डोक्यात आहेत : एक परीक्षेसाठी आणि एक स्वतःसाठी. अकरावीच्या उद्दिष्टांचे काम हे दोन कप्पे एकमेकांसमोर आणण्याचे आहे.

म्हणून प्रत्येक प्रकरणाला ‘यात काय काय आहे’ असे न विचारता ‘यात मूल कुठे हमखास घसरते’ असे विचारा आणि उद्दिष्ट त्या निसरड्या जागेवर ठेवा. गतीचे नियम घ्या. तिन्ही नियम मुलांना नववीपासून तोंडपाठ असतात. त्यांना विचारा की बैल गाडीला जेवढ्या बलाने ओढतो तेवढ्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते, तर मग गाडी चालते कशी. बहुतेकांचे उत्तर असते की बैलाचे बल थोडे जास्त असते. म्हणजे तिसरा नियम पाठ आहे आणि त्याच श्वासात तो नाकारलाही आहे. इथे मी एक नियम वर्षभर पाळायला लावत असे : आकृतीत बलाचा जो बाण काढाल त्याच्याशेजारी दोन नावे लिहायची, बल कोणी लावले आणि कोणावर लावले. ‘बैलाने गाडीवर’ आणि ‘गाडीने बैलावर’ हे दोन बाण दोन वेगळ्या वस्तूंच्या आकृतींत जातात, म्हणून ते एकमेकांना रद्द करत नाहीत, हे नावे लिहिल्यावर डोळ्यांना दिसते. मग गाडीच्या आकृतीत बैलाची ओढ पुढे आणि रस्त्याचा विरोध मागे, आणि बैलाच्या आकृतीत जमिनीने बैलाच्या खुरांवर पुढच्या दिशेने लावलेले घर्षण. बैलाला पुढे नेणारे बल जमीन लावते, हे मुलांना अजिबात खरे वाटत नाही. चिखलात बैलाचे पाय घसरतात तेव्हा काय होते हे शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला विचारले की वर्गातला वाद मिटतो.

याच दोन नावांच्या नियमावर एसटीचे वळणही सुटते. घाटात गाडी वळली की आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो आणि मुले तिथे बाहेरच्या दिशेने एक बाण काढतात. हे बल कोणी लावले, असे विचारताच बाणाशेजारी पहिले नाव लिहिता येत नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने असे बल नाहीच. आपले शरीर सरळ जाऊ पाहते आणि गाडीची बाजू आपल्याला आत ढकलते. गाडीत बसलेल्याच्या चौकटीतून पाहताना तेच आभासी बल म्हणून घ्यावे लागते, हे पाठ्यपुस्तकात पुढे येतेच, पण त्या आधी नाव न मिळणारा बाण खोडण्याची सवय लागलेली असावी. आता उद्दिष्ट लिहा : ‘दिलेल्या प्रसंगातील एका वस्तूवरची सर्व बले विद्यार्थी आकृतीत दाखवतो, प्रत्येक बल कोणी कोणावर लावले हे लिहितो आणि ज्याला असा कर्ता नाही ते बल वगळतो.’ या एका कलमाने तुमच्या यादीतील किमान पाच-सहा कलमे गळतील.

किती उद्दिष्टे असावीत याला शास्त्र नाही. माझ्या मते प्रकरणामागे दोन, फार तर तीन पुरतात, आणि काही प्रकरणांना एकही स्वतंत्र उद्दिष्ट नसले तरी बिघडत नाही. एकके आणि मापन हे प्रकरण जूनमध्ये उरकून बंद करण्याचे नाही. उत्तराला एकक लावणे, समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या मिती जुळतात का पाहणे आणि आलेले उत्तर शक्य कोटीतले आहे का हे तपासणे, ही कामे वर्षभर प्रत्येक गणितात तपासायची आहेत. माणसाचे वस्तुमान ७०० किलोग्रॅम आले तरी शांतपणे उत्तराखाली दोन रेघा ओढणारे मूल दर वर्षी एक तरी भेटतेच.

प्रयोगशाळेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तिथे आपण सर्वजण थोडे अप्रामाणिक आहोत. बारावीला बोर्डाच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणून अकरावीपासूनच जर्नल सुबक ठेवण्याकडे कल असतो आणि वाचने मागच्या वर्षीच्या जर्नलातून येतात. साधा लंबक घ्या. दोरीची लांबी एक मीटर असली की आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, दोन सेकंदांच्या किंचित वर येतो आणि वीस दोलनांना सुमारे ४०.१ सेकंद लागतात. लंबक सोडतानाच मुलाने ‘एक’ म्हटले, ‘शून्य’ म्हटले नाही, तर तो वीस मोजतो तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच दोलने झालेली असतात. घड्याळ ३८.१ दाखवते आणि ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास निघते. घाबरलेले मूल मग वाचनच बदलते आणि सुंदर ९.८ लिहिते. खरे तर ही चूक कुठे झाली हे शोधण्याइतका चांगला धडा त्या प्रयोगात दुसरा नाही. माझे सांगणे आहे की ९.८ आणणे हे या प्रयोगाचे उद्दिष्टच ठेवू नका. असे लिहा : ‘विद्यार्थी स्वतःची वाचने न खोडता नोंदवतो, एका दोलनाऐवजी वीस दोलने का मोजायची हे आकड्यांनी पटवून देतो आणि आपले उत्तर किती विश्वासार्ह आहे ते सांगतो.’ घड्याळ चालू-बंद करताना हाताकडून ०.२ सेकंदांची चूक होते असे धरले, तर एका दोलनात ती दहा टक्के पडते आणि वीस दोलनांत अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे ‘जी’मध्ये ती एक टक्का होते, म्हणजे ०.१. ज्या मुलाने ९.७ लिहून ‘०.१ पर्यंत इकडेतिकडे’ असे म्हटले, त्याला ९.८ लिहिणाऱ्यापेक्षा अर्धा गुण तरी जास्त द्या. एकाच वर्गाला असा अनुभव एकदा आला की वाचने उसनी घेण्याचे प्रमाण कमी होते.

विद्युतधारेच्या प्रकरणासाठी एक प्रश्न तुमच्या उपयोगी पडेल. एकसारखे तीन बल्ब घ्यायचे. पहिला सेलला एकसर जोडणीत, आणि त्याच्यापुढे दुसरा व तिसरा एकमेकांना समांतर. आता तिसरा बल्ब होल्डरमधून काढला, तर पहिल्या आणि दुसऱ्याच्या प्रकाशाचे काय होईल? आकडा एकही नाही. पहिला मंद होतो आणि दुसरा अधिक उजळ होतो, पण ओहमच्या नियमावरची गणिते सोडवणारी मुलेही ‘पहिल्यावर काही परिणाम होणार नाही, तो आधी येतो’ असे सांगतात, जणू धारा वाटेत कोण भेटणार हे न बघता सेलमधून निघते. आधी अंदाज वहीत लिहून घ्या, मगच बल्ब काढा. (यासाठी जुन्या टॉर्चचे तारेचे बल्बच लागतील, एलईडी चालणार नाहीत, आणि बाजारात हल्ली तेच मिळतात, तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटातले जुने बल्ब टाकून देऊ नका.)

भाषेचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो तसा लहान नाही. मराठी माध्यमातून आलेले मूल अकरावीला एका दिवसात इंग्रजीत ढकलले जाते आणि त्याचे गोंधळ आपल्याला इंग्रजीचे वाटतात, मात्र अर्धे गोंधळ मराठीतले असतात. बाजारात वजन किलोत असते आणि आपल्या वर्गात ते न्यूटनमध्ये. घरी शक्ती, ताकद आणि जोर हे एकच, आणि पुस्तकात बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन वेगळ्या राशी. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या बाईने काम केले हे कोण नाकारेल, पण हंड्याला तोलणाऱ्या तिच्या बलाने कार्य केलेले नाही. यासाठी वेगळे उद्दिष्ट लिहाच : ‘विद्यार्थी अशा शब्दांचा रोजचा अर्थ आणि शास्त्रातला अर्थ वेगळा करून आधी मराठीत सांगतो, मग तेच इंग्रजीत लिहितो.’ कारण मराठीत सांगण्याची मुभा असल्याशिवाय त्याला कल्पना कळली नाही की शब्द सापडला नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सीईटीबद्दल मुलांशी भांडू नका, ती त्यांच्या आयुष्यातली खरी गोष्ट आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, आणि त्यासाठी लागणारा सराव हेही एक उद्दिष्टच आहे. फक्त ते वेगळ्या कागदावर लिहा आणि त्याची जागा मूळ उद्दिष्टांच्या नंतरची ठेवा. ज्याला आलेखाच्या उतारावरून त्वरण दिसते, त्याला चेंडूचा प्रश्न दहा सेकंदांत सुटतो. ज्याला दिसत नाही तो ५४ सेकंद तीन समीकरणांपैकी कोणते घ्यावे यात घालवतो. मुलांना हे व्याख्यान देऊन पटत नाही. घड्याळ लावून असे दोन प्रश्न द्या आणि कोणी कसे सोडवले हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला लावा.

शेवटचा प्रश्न, उद्दिष्टे मुलांना सांगायची का. जरूर सांगायची, पण प्राचार्यांना दिलेल्या वाक्यात नव्हे. दप्तरी जाणाऱ्या यादीतले प्रत्येक कलम मुलांसाठी प्रश्नाच्या रूपात उलटवा आणि प्रकरण सुरू होण्यापूर्वी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा : चेंडू वर थांबतो तेव्हा त्याचे त्वरण किती? गाडी बैलाला ओढते, तर बैल पुढे जातो कसा? तिसरा बल्ब काढला तर काय होईल? पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपले उत्तर चिठ्ठीवर नावासह लिहायचे. ती चिठ्ठी तुम्ही तपासायची नाही आणि गुणही द्यायचे नाहीत, फक्त जपून ठेवायची. प्रकरण संपल्यावर तोच प्रश्न पुन्हा द्या, मग जुनी चिठ्ठी परत करा आणि आपल्या पहिल्या उत्तरात काय चुकले होते हे त्याच चिठ्ठीच्या मागे दोन ओळींत लिहायला सांगा. निष्पत्तींचा पुरावा म्हणून प्राचार्यांनी काही मागितले, तर या चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्या. आणि पहिली चिठ्ठी त्या हुशार मुलाची असेल, तर ती आधी त्याला विचारून मगच वर ठेवा.